सॉफ्टनर सहा तासांत संपतोय? रेझिन बदलण्याआधी मिठाचा हिशेब मांडा

तक्रार नेहमीचीच, आणि नाशिकमध्ये ती बहुधा गुढीपाडव्यानंतर सुरू होते. जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर रिजनरेट केला, म्हणजे त्यातलं रेझिन (कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून बदल्यात सोडियम सोडणारे बारीक मणी) मिठाच्या पाण्यानं ताजं केलं, सुरुवातीचं पाणी एक-दोन पीपीएम दाखवतंय, आणि शिफ्ट संपायच्या आत हार्डनेस (पाण्याचा जडपणा) पुन्हा वीस-पंचवीसवर. मग परत रिजनरेशन, परत मिठाची गोणी, परत तेच सहा तास. बॉयलरवाला वैतागलेला, मेंटेनन्सवाला वैतागलेला आणि सप्लायरकडे उत्तर एकच : "साहेब, रेझिन गेलंय."

हे उत्तर मी एकदा पैसे मोजून विकत घेतलंय. नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात युटिलिटी (पाणी, वाफ वगैरे) माझ्याकडे होती. २०० लिटर रेझिनचा सॉफ्टनर, तासाला साधारण दोन हजार लिटर पाणी, पुढे बॉयलर. मेच्या अखेरीस आम्ही सगळं रेझिन बदललं, २५ लिटरच्या आठ गोण्या. पहिली फेरी अशी झकास चालली की सप्लायरला चहा पाजला. जूनमध्ये पाऊस आला, तक्रार बंद झाली, फाइल मिटली. पुढच्या एप्रिलला तोच आजार, तेवढाच जोरात.

आता कळतं की आम्ही दोनदा फसलो. नवीन रेझिन कंपनीतूनच पूर्ण सोडियम भरून येतं, त्यामुळे त्याची पहिली फेरी चांगलीच जाते. त्यात तुमच्या मिठाची काही कर्तबगारी नसते. आणि पावसाळ्यात पाणीच हलकं झालं. रोग बारमाही होता, उन्हाळ्यात फक्त ताप चढायचा.

आधी एक भागाकार

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी वही-पेन घ्या. एक पीपीएम हार्डनेस म्हणजे हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). म्हणून एका रिजनरेशननंतर जितके हजार लिटर मऊ पाणी मिळालं, त्याला कच्च्या पाण्याच्या हार्डनेसनं गुणा आणि रेझिनच्या लिटरांनी भागा. आलेला आकडा म्हणजे एका लिटर रेझिननं किती ग्रॅम क्षार पकडले.

आमचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात कच्चं पाणी ४५० पीपीएम, ओबीआर (दोन रिजनरेशनमधलं पाणी) १२ हजार लिटर. १२ गुणिले ४५० म्हणजे ५४०० ग्रॅम, भागिले २००. आले २७.

नेहमीच्या स्ट्राँग कॅटायन रेझिनची एकूण क्षमता लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास असते, पण ती पुरती वापरायची म्हटलं तर मीठ परवडत नाही. वरून खाली चालणाऱ्या साध्या सॉफ्टनरला लिटरमागे १६० ग्रॅम मीठ दिलं की ५०-५५ ग्रॅम काम मिळतं. आम्हाला मिळत होतं २७, म्हणजे निम्मंच.

आता हाच २७ चा आकडा पावसाळ्यात नेऊन ठेवा. तेव्हा गंगापूर धरणाचं पाणी, आमच्या टेस्टला ९० पीपीएम. ५४०० भागिले ९० म्हणजे ६० हजार लिटर, तीस तास. रोज सकाळी एक रिजनरेशन ठरलेलंच, त्यामुळे निम्मी क्षमता गायब आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. उन्हाळ्यात पुरवठा कमी पडला की आपण बोअर चालू करतो, टँकर मागवतो. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. पाण्यातला क्षार पाचपट झाला की ओबीआर पाचवा हिस्सा होणार. हा सॉफ्टनरचा दोष नाही, गणित आहे. दोष शोधायचा तो ५० आणि २७ यांच्यामधल्या फटीत.

तुमचा भागाकार ४५-५० च्या घरात येत असेल, तर इथेच थांबा. तुमचा सॉफ्टनर ठणठणीत आहे, पाणी जड झालंय. रिजनरेशन घड्याळावर न लावता लिटरवर लावा, कमी पडत असेल तर जोडीला दुसरा सॉफ्टनर बसवा. रेझिन बदलून काहीही होणार नाही.

मीठ टाकलं आणि मीठ पोचलं, यात फरक आहे

आमच्याकडचे बॉयलर ऑपरेटर वयानं मोठे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी विचारलं, "मामा, मीठ किती टाकताय?"

"साहेब, गोणीच्या गोणी रिकाम्या होतायत. आता अजून किती टाकू?"

खोटं काहीच नव्हतं. दिवसाला चार-चार रिजनरेशन म्हटल्यावर मीठ जास्तच जाणार. प्रश्न एका रिजनरेशनला रेझिनपर्यंत किती जातं हा होता, आणि तो आकडा कुणीच मोजलेला नव्हता, मीही नाही.

मोजायला फार काही लागत नाही. हवी एक मीटरपट्टी आणि एक हायड्रोमीटर. तो काचेचा तरंगता दांडा कुठल्याही लॅब सामानाच्या दुकानात मिळतो. आमच्याकडे मीठ विरघळवायची टाकी वेगळी आणि ब्राइन (मिठाचं पाणी) मोजायची वेगळी. मोजायची टाकी गोल, आतून ६० सेंटिमीटर व्यासाची. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की साधारण २.८ लिटर ब्राइन गेलं. २०० लिटर रेझिनला १६० ग्रॅमच्या दरानं ३२ किलो मीठ हवं. पूर्ण संपृक्त ब्राइनच्या एका लिटरमध्ये जवळपास ३१७ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे १०१ लिटर ब्राइन, म्हणजे टाकीत ३६ सेंटिमीटर उतार. (ज्यांच्याकडे एकच टाकी आहे आणि तळाशी मिठाचा थर असतो, त्यांना ही पट्टी जशीच्या तशी चालणार नाही, खड्यांनी जागा व्यापलेली असते.)

रिजनरेशनला उभा राहिलो. अर्ध्या तासात पातळी उतरली १८ सेंटिमीटर. म्हणजे ५१ लिटर. निम्मं इथेच गेलं.

मग हायड्रोमीटर सोडला. संपृक्त ब्राइनला १.२० दिसायला हवं. दिसलं १.१०, म्हणजे चौदाएक टक्क्यांचं पाणचट ब्राइन, लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ. ५१ लिटरमध्ये पावणेआठ किलो. ३२ च्या जागी पावणेआठ! एक ग्रॅम हार्डनेस उतरवायला तत्त्वतःच १.१७ ग्रॅम मीठ लागतं. पावणेआठ किलोतून २०० लिटर रेझिनला लिटरमागे फार तर ३३ ग्रॅम काम मिळू शकतं, तेही एक कण वाया न जाता. २७ मिळत होतं हेच नशीब. बिचारं रेझिन दिलेल्या पोटगीत जमेल तेवढा संसार करत होतं.

पातळी का उतरत नव्हती

इजेक्टर. हा छोटासा भाग पाण्याच्या जोरावर ब्राइन ओढून घेतो आणि त्याच पाण्यात ते पातळ करून दहा टक्क्यांवर आणून रेझिनवर सोडतो. त्याला दाब लागतो. आमच्या इजेक्टरला किमान अडीच किलो (दर चौरस सेंटिमीटरला). उन्हाळ्यात लाइनचा दाब दीडवर यायचा, आणि आम्ही रिजनरेशन थेट लाइनवर करत होतो. म्हणजे ज्या दिवसांत रिजनरेशन सगळ्यात जास्त लागतं, त्याच दिवसांत इजेक्टर सगळ्यात लेचापेचा.

पण दाब वाढवूनही पूर्ण ३६ उतरेना. तेव्हा इजेक्टर खोलला. नोझलच्या तोंडात एक निळा धागा गोल गुंडाळून बसलेला होता, भोवती माती आणि मीठ मिळून कडक झालेलं. प्लॅस्टिकच्या गोणीचा धागा. मामा गोणी कडेवर झटकायचे, त्यातला एखादा सुटून टाकीत, टाकीतून जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून पाइपात. सुईनं टोकरून काढला. (सुई पितळेच्या नोझलला लावू नका, भोक मोठं होतं; लाकडी टूथपिक बरी. मला हे नंतर सुचलं.)

तिसरी शक्यता हवा. सक्शनच्या पाइपात एखादा जोड ढिला असेल तर इजेक्टर ब्राइनऐवजी हवा ओढतो. पारदर्शक नळी असेल तर बुडबुडे दिसतात. नसेल तर जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि फेस आत ओढला जातोय का ते पाहा. आमच्याकडे हा प्रकार नव्हता, पण सातपूरच्या एका ओळखीच्या युनिटमध्ये नेमका हाच निघाला.

ब्राइन पाणचट का

मिठाला विरघळायला वेळ लागतो. दिवसाला एक रिजनरेशन असेल तेव्हा टाकी रात्रभर निवांत मुरते. दिवसाला चार झाल्यावर गोणी ओतायची, फळीनं ढवळायचं, तासाभरात व्हॉल्व्ह उघडायचा. तळाला खडे तसेच आणि वर अर्धवट खारं पाणी. म्हणजे कमी मिठामुळे रिजनरेशन वाढली आणि रिजनरेशन वाढल्यामुळे मीठ आणखी कमी पोचू लागलं. शेपूट तोंडात धरलेला साप.

जोडीला पावसाळ्यातला एक प्रकार सांगतो. दमट हवेत खडे मीठ टाकीच्या काठाला धरून वर एक घट्ट पापुद्रा तयार होतो. वरून पाहिलं तर टाकी मिठानं गच्च, खाली पोकळी. बांबूनं टोचून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मीठही बघून घ्या. पांढरंशुभ्र नसलं तरी चालेल, पण धुतलेलं असावं. मातकट मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःच भरपूर असतं. म्हणजे ज्या पाहुण्याला घालवायचं त्यालाच बरोबर घेऊन येता. बादलीत मूठभर मीठ विरघळवून तासाभरानं तळ बघा, किती गाळ बसतो ते दिसेल.

आम्ही काय केलं

रिजनरेशनच्या वेळेपुरता बूस्टर पंप जोडला. ब्राइन सक्शनला नवी जाळी लावली, गोणी झटकायची नाही असं ठरवलं. विरघळवायला आणखी एक टाकी ठेवली, म्हणजे एक वापरात आणि एक मुरत. मोजायच्या टाकीवर आत ऑइलपेंटनं दोन रेघा मारल्या, वरची आणि ३६ सेंटिमीटर खालची. खालच्या रेघेला ब्राइन टेकल्याशिवाय व्हॉल्व्ह फिरवायचा नाही, मग घड्याळात तीस मिनिटं होवोत की चाळीस.

पहिल्या रिजनरेशनला दुप्पट मीठ दिलं. वर्षभर अर्धपोटी राहिलेल्या रेझिनच्या तळाच्या थरात कॅल्शियम घट्ट बसलेलं असतं, ते एका नेहमीच्या डोसानं निघत नाही. तरीही पहिल्या फेरीला १६ हजार लिटरच मिळाले, दुसरीला १९, तिसऱ्या फेरीपासून २१ हजारांवर स्थिर. २१ गुणिले ४५० भागिले २००, म्हणजे ४७. कच्चं पाणी तेच, रेझिन तेच. मिठाच्या गोण्या मात्र कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्याच. कमी झाली ती दगदग, आणि बॉयलरमध्ये बसणारा खवला (क्षारांचा कडक थर). ट्यूबवर एक मिलिमीटर खवला बसला तर इंधन पाच ते आठ टक्के जास्त जळतं असं ऊर्जा बचतीच्या पुस्तकांत सांगतात. तो आकडा बाजूला ठेवला तरी ट्यूब फुटल्यावर बंद पडलेली लाइन मी पाहिलीय.

तुमचा दोष दुसरीकडे असेल तर

हार्डनेस कसा वाढतो ते बघा, कारण त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. सुरुवातीला शून्य, मग काही तासांनी चढत गेला, तर क्षमता कमी पडतेय. वरचं सगळं प्रकरण तुम्हालाच लागू. पण पहिल्या मिनिटापासून १५-१८ दाखवतोय आणि तासन्‌तास तिथेच आहे, तर बहुधा कच्चं पाणी कुठूनतरी थेट मिसळतंय. आधी दुप्पट मीठ देऊन बघा, कारण उपाशी तळही असा सततचा झिरपा दाखवतो. तरी हटला नाही तर बायपास व्हॉल्व्ह आणि मल्टिपोर्टच्या (पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आतलं गॅस्केट संशयित. ४५० पीपीएमचं चार टक्के पाणी निसटलं की १८ पीपीएम होतात. पावसाळ्यात ९० चे चार टक्के म्हणजे साडेतीन, आमच्या बॉयलरच्या ५ पीपीएमच्या मर्यादेत आरामात बसणारे. हाही उन्हाळ्यातच सापडणारा चोर.

टेस्टवरही आंधळा विश्वास नको. ५० मिलिलिटर नमुना, अमोनियाचं बफर, इंडिकेटर, मग ब्यूरेटमधून ईडीटीए (हार्डनेस मोजायचं द्रावण). कोकम सरबतासारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा झाला की थांबायचं आणि आकड्याला वीसनं गुणायचं. बफरच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर अमोनिया उडून जातो, आणि मग लाल-निळ्याच्या मध्ये जांभळट घोळ होतो. बाटली नाकापासून लांब धरूनही वास येत नसेल तर ती टाकून द्या. मऊ पाण्यासाठी १०० मिलिलिटर नमुना घ्या आणि दहानं गुणा. एका थेंबाचा फरकही मग कळतो.

आणि कृपा करून सॉफ्टनरचं काम टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरनं तपासू नका. सॉफ्टनर क्षार काढून घेत नाही, अदलाबदल करतो. ४० ग्रॅम कॅल्शियमच्या बदल्यात ४६ ग्रॅम सोडियम पाण्यात येतो, म्हणजे टीडीएस झालाच तर किंचित वाढतो. "एवढा मोठा प्लांट लावला आणि टीडीएस तोच?" असं विचारणारे व्यवस्थापक मला तीन कारखान्यांत भेटलेत. पाइपाला चुंबक बांधून हार्डनेस घालवणारेही भेटलेत. त्यांच्या पाण्याची ईडीटीए टेस्ट आधी आणि नंतर करा, एवढंच सांगेन.

रेझिन खरंच कधी जातं

जातं, पण त्याची खूण दिसते. वरून मूठभर रेझिन काढून तळहातावर घ्या. चांगले मणी मधाच्या रंगाचे, गोल, बोटांत दाबले तर कडक. गडद चॉकलेटी झाले असतील तर लोह बसलंय, हे बोअरवाल्यांकडे हमखास, विशेषतः जुन्या लोखंडी केसिंगमुळे. सोडियम हायड्रोसल्फाइटनं किंवा सायट्रिक ॲसिडनं धुतलं तर बरंच निघतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड रबर लायनिंग नसलेल्या लोखंडी भांड्यात चुकूनही घालू नका. मणी मऊ, फुगलेले, दाबल्यावर चिरडणारे असतील तर क्लोरीननं खाल्लंय. टँकरवाले ब्लीचिंग पावडर सढळ हातानं टाकतात. त्या पाण्याला आधी कार्बन फिल्टर हवा. हे रेझिन मात्र परत येत नाही, बदलाच.

तिसरा प्रकार म्हणजे रेझिनच कमी होणं. मॅनहोल उघडून पट्टी टाकून थर मोजा, बसवतानाच्या उंचीशी ताडून पाहा. आमच्याकडे वर्षात सात-आठ सेंटिमीटर उतरला होता, आणि कारण होतं थंडी. नाशिकच्या जानेवारीत, निफाडकडे तर विचारूच नका, पहाटे पाणी बर्फासारखं असतं. थंड पाणी दाट असतं, तेवढ्याच बॅकवॉशला (खालून वर पाणी सोडून रेझिन धुताना) थर जास्त फुगतो आणि बारीक मणी ड्रेनमधून निघून जातात. मेमध्ये ठरवलेला बॅकवॉशचा व्हॉल्व्ह डिसेंबरमध्ये थोडा आवळावा लागतो. ड्रेनच्या तोंडाला पायमोजा बांधून ठेवला तर मणी येतायत का ते लगेच कळतं.

ड्रेनवरून आठवलं. रिजनरेशनचं खारं पाणी ईटीपीतच (सांडपाणी प्रक्रिया प्लांटमध्येच) जाऊ द्या. आमच्या माळीबुवांनी एकदा ते गेटजवळच्या द्राक्षाच्या वेलाकडे वळवलं होतं, "पाणी वाया कशाला घालवायचं?" म्हणून. द्राक्षाला मिठाचं वावडं. पंधरवड्यात पानांच्या कडा करपल्या. सॉफ्टनरचं मऊ पाणीही बागेला नको, त्यातला सोडियम माती घट्ट करतो.

आता त्या जुन्या रेझिनचं. पहिल्या उन्हाळ्यात काढलेल्या आठ गोण्या मामांनी फेकल्या नव्हत्या, बॉयलर हाऊसच्या मागे पत्र्याखाली रचून ठेवल्या होत्या. तळहातावर घेतलं तर मणी मधासारखे, कडक, फक्त सुकलेले. सुकं रेझिन एकदम साध्या पाण्यात टाकलं तर मणी फुगून तडकतात. म्हणून आधी संपृक्त ब्राइनमध्ये रात्रभर भिजवलं, मग टप्प्याटप्प्यानं पाणी वाढवत धुतलं. बॅकवॉशमध्ये गेलेली सात-आठ सेंटिमीटरची भर त्यातूनच टाकली. पाच गोण्या अजून शिल्लक आहेत.